आठव्या खुर्चीची शिकार

मंगळवार, १२ मार्च २०१९, सकाळचे दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटे. पंपांच्या कारखान्यातील बैठकीच्या खोलीत माणसे सात होती आणि खुर्च्या आठ. आठवी खुर्ची सरव्यवस्थापकाची. तिला उंच पाठ होती, रुंद हात होते, बसायला मऊ गादी होती. नव्हता तो फक्त सरव्यवस्थापक. आधीचा सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाला, आणि तेव्हापासून मालक प्रत्येक बैठकीच्या शेवटी त्या खुर्चीकडे पाहून एकच वाक्य उच्चारत असत: "शोध चालू आहे."

त्या खुर्चीच्या डाव्या हाताला उत्पादनप्रमुख बसत. कामगार त्यांना पाठीमागे 'गेज', म्हणजे मापयंत्र, म्हणत, कारण एखादी वस्तू मोजून पाहिल्याशिवाय ती अस्तित्वात आहे यावर त्यांचा विश्वास बसत नसे. सहा वर्षे सरव्यवस्थापकाची सगळी कामे गेजच उरकत होते. सह्या त्यांच्या, जबाबदारी त्यांची, बोलणी खाणारेही तेच. खुर्ची तेवढी दुसऱ्याची, आणि तो दुसरा अजून सापडायचा होता. एकदा खोलीत कोणी नसताना गेजनी खिशातली टेप काढून ती खुर्ची मोजली होती. रुंदी, खोली, पाठीची उंची, सगळे. मापात ते अगदी चपखल बसत होते. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

अकराच्या ठोक्याला त्यांचा फोन थरथरला. पडद्यावर पत्नीचे नाव होते. पत्नी कामाच्या वेळी सहसा फोन करीत नसे, त्यामुळे गेज दचकून उठले आणि कॉरिडॉरमध्ये आले.

"अहो, नळवाला आलाय," पत्नी म्हणाली. "म्हणतो, आतला आटा पार गेलाय. वायसर बदलू की अख्खा नळ?"

"आत्ता बोलता येणार नाही," गेज दबक्या आवाजात म्हणाले.

"तुम्हाला नसेल येत. इथं पाणी घोट्यापर्यंत आलंय. घ्या, त्याच्याशीच बोला."

नळवाला बोलू लागला आणि गेजमधला यंत्रअभियंता जागा झाला. नेमक्या त्याच वेळी कारखान्याचे हिशेबनीस चहा घ्यायला बाहेर पडले. चहाचे यंत्र कॉरिडॉरच्या टोकाला होते, आणि हिशेबनीसांचे कान त्याच्याही पुढे पोचत. त्यांनी ऐकले ते असे:

"हे पाहा, वरवरची मलमपट्टी मला मान्य नाही. करायचा तर संपूर्ण बदल... जुनं सगळं काढून टाका, दयामाया नको... पैशांचा प्रश्न नाही, दर्जाचा आहे... आणि एक सांगून ठेवतो, मी येईन तेव्हा आतली घाण साफ झालेली दिसली पाहिजे."

गेजनी फोन बंद केला. समोर हिशेबनीस कप धरून उभे होते. कोणाच्या तरी आजाराची चौकशी करावी अशा हळुवार आवाजात त्यांनी विचारले, "हेडहंटर?"

हा शब्द गेजनी कुठेतरी वाचला होता, पण त्याची व्याख्या त्यांना ठाऊक नव्हती. व्याख्या ठाऊक नसलेल्या प्रश्नाला तोंडी परीक्षेत जे करायचे असते तेच त्यांनी केले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, नुसते हसले.

त्या हसण्याने घात केला.

संध्याकाळी पत्नीचा धाकटा भाऊ घरी आला होता. तो बहुधा जेवायच्या वेळीच येई, आणि जेवताना त्याचा फोन वाजे, आणि तो उठून बाल्कनीत जाई. आल्यावर "हेडहंटर होता" असे म्हणत तो पुन्हा वाढून घेई. हे चार वर्षे चालले होते. त्या दिवशी गेजनी प्रथमच त्याला विचारले, "हा हेडहंटर म्हणजे नक्की कोण असतो?"

"भाऊजी! तुम्हाला माहीत नाही?" मेहुण्याने घास खाली ठेवला. "नोकरी लावून देणारे एजंट वेगळे. ते माणसांसाठी नोकऱ्या शोधतात. हेडहंटर मोठ्या नोकरीसाठी माणूस शोधतो. आणि कुठला माणूस? ज्याला नोकरी नकोय असा. जो आपल्या जागी मजेत बसलाय, त्यालाच तो उचलतो."

"डोकी गोळा करतात म्हणे?" पत्नीने विचारले. "आणि धड?"

"धड जुन्या कंपनीतच राहतं, ताई. त्याला नोटीस पिरियड म्हणतात."

"पण समजा, आपणच त्याला फोन केला तर?" गेजनी विचारले.

"मग संपलं! आपण त्याच्या दारात गेलो की तो एजंट आणि आपण उमेदवार. तो आपल्या दारात आला तरच तो हेडहंटर. माणूस तोच, कोण कुणाचं दार वाजवतं त्यावर शब्द ठरतो. शिकाऱ्याच्या घरी जाऊन बेल वाजवणाऱ्या हरणाला कोण मारील? त्याला पाणी पाजून परत पाठवतात." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि फोन आला की तीनच वाक्यं बोलायची. 'आत्ता बोलता येणार नाही.' 'मी तसा इथं सुखात आहे.' 'पण ऐकायला हरकत नाही.' चौथं वाक्य बोललात की भाव पडला."

"तुम्हाला आला का हो कधी असा फोन?" पत्नीने नवऱ्याला विचारले.

"नाही," गेज म्हणाले. चोवीस वर्षांच्या नोकरीत एकही नाही. ही गोष्ट त्यांनी आजवर मोजलीच नव्हती, आणि मोजली तेव्हा आकडा असा निघाला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरताच त्यांना जाणवले की रात्रीतून हवेचा दाब बदलला आहे. हिशेबनीसांनी काम चोख केले होते. एका बुडत्या कंपनीने गेजसाहेबांना साकडे घातले आहे. साहेबांनी अट टाकली आहे की जुनी माणसे काढा, आतली घाण साफ करा, मगच येतो. पैशाला तर ते हातही लावायला तयार नाहीत. गेजना पाहून खरेदी अधिकारी उठून उभे राहिले. मालकांनी गेजना आपल्या खोलीत बोलावून बशीसकट चहा दिला आणि काहीच न विचारता त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

फोरमन मात्र सरळ माणूस. तो यंत्राआडून आला आणि म्हणाला, "साहेब, तिकडं लेथ किती आहेत?"

"कुठं तिकडं?"

"बरं, नका सांगू. पण मला न्या. बायकोला सांगून ठेवलंय. पोरीची शाळापण बघतोय."

"कुठल्या गावातली शाळा?"

"तुम्ही म्हणाल त्या गावातली."

गेजना सांगता आले असते की तो नळवाला होता. पण सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना बशी मिळाली होती. शिवाय त्यांच्या मनात एक साधा तर्क आकार घेत होता: मालकांना बाहेरचाच माणूस हवा आहे, बाहेरच्यांना आपण हवे आहोत असे मालकांना वाटले, तर आपण घरात राहूनही बाहेरचे ठरू. आणि ती खुर्ची हाताच्या अंतरावर होती.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजता बैठकीतले सहाही जण गेजच्या फोनकडे पाहू लागले. फोन वाजला नाही. अकरा वाजून दहा झाले. हिशेबनीस करुणेने म्हणाले, "रेंज नाही वाटतं." मालकांनी चाचणीचा अहवाल मागितला तो जुन्याच आवाजात. चहा आला तो बशीवाचून आला.

त्या संध्याकाळी गेजनी पत्नीपुढे विषय काढला.

"म्हणजे स्वतःच्या नवऱ्याला मी परकी बाई होऊन फोन करायचा?"

"परकी बाई नाही गं. हेडहंटर."

"फरक काय? चोरून बोलायचं, कुजबुजायचं, कुणाला कळू द्यायचं नाही, पण सगळ्यांना कळलं पाहिजे!"

"खुर्चीचा प्रश्न आहे," गेज म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून पत्नीने पुढची थट्टा आवरली. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली होती. नवऱ्याने टेप घेऊन खुर्ची मोजली असणार, हे तिने न सांगता ओळखले होते.

तिसऱ्या मंगळवारी फोन अचूक वाजला. गेज ऐटीत उठले, कॉरिडॉरमध्ये गेले आणि हिशेबनीस यंत्रापाशी पोचेपर्यंत थांबले.

"कपड्यांचा साबण संपलाय," पत्नी म्हणाली.

"आत्ता बोलता येणार नाही."

"मग येताना आणा. आणि तुमची ती करडी पँट मी टाकून देणार आहे. गुडघ्यात पार विटलीय."

"मी तसा इथं सुखात आहे."

"तिच्यात? लाज वाटते मला. दुसरी शिवून घ्या, मी कापड बघून आलेय."

"पण ऐकायला हरकत नाही," गेज म्हणाले आणि घाईने फोन ठेवला.

"बाई आहे," हिशेबनीसांनी आत येऊन हळूच जाहीर केले. "कंपनी बडी असणार. चांगलीच दटावून बोलते."

एवढ्यावर भागले असते. पण गेज अचूकतेचे भोक्ते. घरी जाऊन ते म्हणाले, "अगं, पँटचं नको. तो माणूस कान लावून उभा असतो. खऱ्या हेडहंटरसारखं बोल. माझे गुण सांग."

"गुण?" पत्नीने डोळे मिटले. "आठवडाभर मुदत द्या."

तिने खरोखरच आठवडा घेतला. भावाला दोनदा जेवायला बोलावून हेडहंटर काय बोलतात, कसे बोलतात, कुठे थांबतात, हे सगळे काढून घेतले. आरशासमोर सरावही केला.

मंगळवार, २ एप्रिल. अकराला पाच मिनिटे कमी असताना बैठक रद्द झाली आणि गेजना मालकांच्या खोलीत बोलावणे आले. आत मालक लालबुंद होऊन बसले होते. समोर एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, दोरीला अडकवलेला चष्मा गळ्यात, मांडीवर पर्स.

"या कोण आहेत, ओळखता?" मालकांनी विचारले.

"नाही."

"या हेडहंटर."

गेज अर्धवट बसले होते ते पुन्हा उठले. आयुष्यात पाहिलेली ही पहिलीच. तिच्याकडे भाला नसेल हे त्यांना ठाऊक होते, पण चहात बिस्किट बुडवून खाणारी असेल असे वाटले नव्हते.

"बाई," मालक गरजले, "आपला करार काय आहे, सांगा यांच्यादेखत."

"तुम्ही आमचे ग्राहक," बाई शांतपणे म्हणाल्या. "ग्राहकासाठी आम्ही बाहेरून माणूस आणतो. ग्राहकाच्या स्वतःच्या माणसाला मात्र हात लावत नाही. शोध चालू असेपर्यंत यांना मी फोन करणार नाही. आमच्या धंद्याचा नियमच आहे."

"आणि पंपांच्या धंद्यात माणसं हलवणारं तुमच्याखेरीज कोण आहे?"

"कोणी नाही. वीस वर्षं मी एकटीच आहे."

"मग मंगळवारी अकरा वाजता यांना कुठली बाई फोन करते? सहा वर्षं मी तुम्हाला पोसतोय ते कशासाठी?"

"एक मिनिट," गेज म्हणाले. मोजणाऱ्या माणसाला गणित चुकलेले सहन होत नाही. "सहा वर्षं शोधताय, आणि एकही माणूस सापडला नाही?"

"सापडले की! चौदा आणले मी," बाई म्हणाल्या. "एकाचा टाय आवडला नाही, एक फार हसतो, एक अजिबात हसत नाही. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं. यांना माणूस नकोच आहे. यांना शोध हवाय."

मालकांना अकस्मात खोकला आला.

"कशासाठी?" गेजनी विचारले.

"तुमच्यासाठी! वर्षातून दोन-तीन कंपन्या मला सांगतात, त्या कारखान्यातला तो मोजणारा माणूस आणून द्या. मी म्हणते, त्याला सोडून बोला, तो माझ्या ग्राहकाचा आहे. हा शोध ज्या दिवशी संपेल, त्याच दिवशी दुपारी मी तुम्हाला फोन करीन."

गेजच्या छातीत काहीतरी असे भरून आले की शर्टाच्या दुसऱ्या बटणाची ताणचाचणी सुरू झाली. आपल्याला फोन आला नाही, कारण तो येऊ नये म्हणून सहा वर्षे कोणीतरी बांध घालत होते! पण लगेच त्यांना बाईंचा चेहरा दिसला. वीस वर्षांचा धंदा साबण आणि पँट यांच्यापायी बुडत होता. सत्य सांगावे लागणार होते.

"मालक," ते म्हणाले, "ते फोन, म्हणजे, मुळात तो नळवाला..."

अकरा वाजले. फोन थरथरला. आज फोन करू नकोस असे पत्नीला कळवायचे गेज विसरले होते, आणि पत्नीचे घड्याळ त्यांनी स्वतःच लावून दिलेले होते.

"उचला," मालक म्हणाले. "आणि स्पीकर लावा."

"नमस्कार," खोलीत एक खर्जातला, घोटीव आवाज उमटला. "आपण बोलण्याच्या स्थितीत नसाल, नुसतं ऐका. माझे पक्षकार आपलं नाव घेऊन बसलेत. ते म्हणतात, पंप चालू असताना नुसता हात ठेवून त्याचं दुखणं सांगणारा दुसरा माणूस नाही. आपण जेवताना टेबलावर चमच्यानं पंपाचा आडवा छेद काढता. झोपेत फेरे मोजता. गेल्या पावसाळ्यात भट्टी बंद पडली तेव्हा आपण तीन दिवस घरी आला नाहीत, आणि आलात तेव्हा मालकांबद्दल एक वाकडा शब्द काढला नाहीत. वास्तविक काढण्यासारखे पुष्कळ होते. आपले मालक वापरलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरतात, हेही आम्हाला ठाऊक आहे. असा माणूस सहा वर्षं एका रिकाम्या खुर्चीशेजारी बसलाय. आमच्या मते, खुर्चीनं लाजायला हवं."

मालकांनी पुढ्यातले उलटे केलेले पाकीट हळूच फाइलीखाली सरकवले.

हेडहंटर बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला होता. वीस वर्षांत कोणी माणसाचा इतका अभ्यास केलेला त्यांनी पाहिला नव्हता. न राहवून त्या फोनकडे वाकल्या. "मॅडम, तुम्ही कुठल्या फर्मकडून बोलताय?"

पलीकडचा खर्ज गळून पडला. "तुम्ही कोण? यांच्या फोनवर बाई कशी?"

"मी हेडहंटर."

"अगंबाई! खरी आली?"

"माझी पत्नी," गेज म्हणाले, आणि आणखी काही सांगण्यासारखे उरले नाही.

मालकांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग संताप, मग पुन्हा सुटका. "म्हणजे कोणीच फोन करत नव्हतं! उत्तम. झालं ते झालं. जा, कामाला लागा."

एरवी गेज उठले असते. पण आज त्यांना स्वतःचे माप कळले होते, तेही दोन स्वतंत्र साक्षीदारांकडून. ते बसूनच राहिले. "मालक, त्या खुर्चीत मला बसवा."

"कसं बसवू?" मालक कळवळून म्हणाले. "तुम्हाला बसवलं की शोध संपला. शोध संपला की करार संपला. करार संपला की ह्या बाई दुपारी तुम्हाला फोन करणार. तुम्हाला ठेवायचं म्हणून तर तुम्हाला नेमत नाही!"

"आणि नाही नेमलंत तर मी राजीनामा देऊन यांच्या दारात जातो. उमेदवार म्हणून. भाव पडला तरी चालेल."

फोनमधून पत्नीचा आवाज आला, "शाब्बास!"

मालक हताश होऊन बाईंकडे वळले. बाईंनी शेवटचे बिस्किट संपवले आणि पर्स मिटली. "सोपं आहे. यांना सरव्यवस्थापक करा. मग उत्पादनप्रमुखाची जागा रिकामी होते ना? तिचा शोध माझ्याकडे द्या. करार तोच, नियम तोच. सापडेपर्यंत ते काम हेच बघतील. तशीही सवय आहे."

मालकांचा चेहरा इतका उजळला की त्यांनी सर्वांसाठी चहा मागवला. बशीसकट.

बाई मात्र पुन्हा फोनकडे वाकल्या होत्या. "ताई, मला एक माणूस हवाय. माणसं ओळखणारा, वेळ पाळणारा. उद्या भेटता का?"

पलीकडे भांडे ठेवल्याचा आवाज झाला. मग पत्नीचा स्वर पुन्हा खर्जात उतरला. "आत्ता बोलता येणार नाही," ती म्हणाली. "मी तशी इथं सुखात आहे." आणि थोडे थांबून, "पण ऐकायला हरकत नाही."

ती आता हेडहंटर आहे आणि पंपांच्या कारखान्यांची माणसे पाहते. तिचा भाऊ तिला दिवसातून दोनदा आपणहून फोन करतो, म्हणजे त्याच्याच व्याख्येनुसार तो उमेदवार झाला. फोरमनने शाळा बघणे सोडले आहे. गेज उंच पाठीच्या खुर्चीत बसतात, त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी असते, आणि तिच्याकडे पाहून मालक प्रत्येक बैठकीच्या शेवटी म्हणतात, "शोध चालू आहे." शोध गेजच्या पत्नीकडे आहे. ग्राहकाच्या माणसाला कामाच्या वेळी फोन करायचा नाही हा नियम ती इतक्या कसोशीने पाळते की परवा नळ पुन्हा फुटला, तेही त्यांना संध्याकाळी घरी पाण्यात पाय पडल्यावर समजले.

बैठकीत माणसे सात, खुर्च्या आठ. गेजना आजतागायत आलेले हेडहंटरचे फोन: शून्य.